‘सांगली’ म्हणता येईना

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत तिघंच होतो. ड्रायव्हर, मी आणि मागच्या सीटवर साठीला टेकलेला एक इटालियन फिटर. खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत तो गाढ झोपला होता. जाग आली तशी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यांदा वाचायला लागला, पहिलीतल्या पोरासारखा. ‘सातारा.’ स्वच्छ. साताऱ्याच्या माणसानेही मान डोलवावी इतकं स्वच्छ. ‘काराद.’ ‘ड’चा ‘द’ झाला, पण गाव ओळखू आलं. पेठ नाका जवळ आला तशी मोठी हिरवी पाटी दिसली आणि गडी अडखळला. ‘सान्... सान्ल्यी?’

ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे बघितलं. “मॅडम, हे कुठलं गाव म्हणायचं?”

“आपलीच सांगली,” मी म्हटलं.

इटालियनमध्ये ‘जी’, ‘एल’, ‘आय’ ही अक्षरं लागोपाठ आली की त्यांचा ‘ग्ली’ होत नाही. जीभ टाळूला चिकटवून काढलेला ‘ल्यी’ होतो. कुटुंबाला ते ‘फामील्या’ म्हणतात. त्यात मधे ‘जी’ लिहिलेला असतो, ऐकू मात्र येत नाही. सांगलीचा ‘ग’ त्याने गिळला तो त्याच्या शाळेत शिकवल्याप्रमाणेच. इंग्रजांनी आपल्या गावांची नावं रोमन अक्षरांत बसवली ती त्यांच्या हिशेबाने. हा तीच अक्षरं स्वतःच्या हिशेबाने वाचत होता. अक्षरं तीच, हिशेब दोन. आणि ह्या दोन हिशेबांच्या मधे, सातारा ते सांगली ह्या पट्ट्यात, गेली अठरा वर्षं माझं पोट चाललं आहे.

मी दुभाषी आहे. एखाद्या कारखान्यात इटलीचं मशीन आलं की त्याच्याबरोबर येणाऱ्या फिटरच्या शेजारी उभं राहायचं. त्याचं बोलणं मराठीत आणि आपल्या माणसांचं इटालियनमध्ये करायचं. मशीन नसेल तेव्हा क्लास घेते. सोमवार ते बुधवार सातारा, गुरुवार ते शनिवार सांगली. 1949 साली साताऱ्याचे काही तालुके आणि सांगली-मिरजेसारखी संस्थानं मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. कागदावर जिल्हे वेगळे झाले, पण मला ते अजून एका एसटीच्या तिकिटाने जोडलेलेच वाटतात.

इटालियन माझ्या आयुष्यात शिरलं ते स्कूटरवरून. वडील साताऱ्याच्या एमआयडीसीत, महाराष्ट्र स्कूटर्समध्ये कामाला होते. राज्य सरकारचं महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतून 1975 साली निघालेला तो कारखाना. तिथे ‘प्रिया’ तयार व्हायची आणि तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. “आपली प्रिया मूळची इटलीची,” असं वडील पाहुण्यांना सांगत, जणू तिचं माहेर सांगताहेत. खोटं नव्हतं ते. बजाजने पियाज्जो ह्या इटालियन कंपनीशी करार करून वेस्पा बनवायला सुरुवात केली होती. 1971 साली करार संपला, तरी पुढच्या स्कूटरींच्या अंगात रक्त वेस्पाचंच होतं.

वेस्पा म्हणजे काय, हे मात्र वडिलांनाही माहीत नव्हतं. मी पुण्याला शनिवार-रविवार इटालियन शिकायला जायला लागले आणि पहिल्याच महिन्यात शब्द सापडला. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील उठून अंगणात गेले आणि आपल्या जुन्या प्रियाकडे मागून, बाजूने, वाकून बघत राहिले. कमरेत बारीक, मागे दोन्हीकडे फुगलेली, चालू केली की गुणगुणणारी. “हात्तिच्या! आयुष्यभर गांधीलमाश्याच केल्या होय आम्ही.”

त्याच कंपनीने 1948 साली तीन चाकांची मालगाडी काढली. तिचं नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. गांधीलमाशी हिंडायला, मधमाशी राबायला. ही मधमाशी बारामतीला तयार व्हायला लागली आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांत वडापपासून भाजीपाल्यापर्यंत सगळं तिच्यावर आलं. पण रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचून आम्ही तिला ‘अ‍ॅपे’ केलं. खरं तर ‘आपे’ म्हणायला आप्पे खाणाऱ्या माणसाला काय कष्ट? सरळ तोंडात बसणारा शब्द आम्ही वाकडा करून घेतला, कारण तो आमच्यापर्यंत इंग्रजीच्या हातून आला.

हे काही आजचं नाही. सावरकरांनी 1907 साली ज्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं तो इटालियन देशभक्त आपल्याकडे ‘जोसेफ मॅझिनी’ म्हणून ओळखला गेला. त्याच्या गावी त्याला ‘जुझेप्पे मात्सीनी’ म्हणतात. मराठी माणूस इटालियन माणसाबद्दल वाचतो आहे आणि मधे इंग्रज बसून दोघांची नावं बदलतो आहे. मार्केट यार्डात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो तसा. फरक इतकाच की यार्डातली अडत पट्टीवर लिहिलेली तरी असते.

ह्या अडतीची खरी रक्कम मला एका विद्यार्थ्याने दाखवली. तासगावकडचा मुलगा, घरची द्राक्षबाग, इंजिनिअरिंग झालेलं, मिलानला पुढच्या शिक्षणाला निघालेला. इंग्रजांसाठी छापलेलं एक वाक्प्रयोगांचं पुस्तक त्याने आणलं होतं आणि अर्धंअधिक पाठही केलं होतं. म्हटलं, ‘कृपया’ला काय म्हणतात? तो म्हणाला, “पेअर फाऽव्होऽरेह्.” किंमत कशी विचारायची? “क्वाह्न-टोह कोह्स-टाह.” मी पुस्तक मागून घेतलं. त्यात बिचाऱ्या इंग्रज वाचकाच्या सोयीसाठी प्रत्येक स्वरापुढे एकेक ‘एच’ जोडलेला, कारण नुसतं ‘ओ’ लिहिलं की इंग्रज त्याचा ‘ओउ’ करतो. जोर द्यायचा ते अक्षर मोठ्या लिपीत. ह्या सगळ्या कुबड्या इंग्रजाच्या पायाच्या मापाच्या. आमचा तासगावचा गडी धड चालणारा, तो त्या कुबड्या घेऊन लंगडायला लागला होता.

मी वहीत लिहून दिलं : ‘पेर फावोरे’. ‘क्वान्तो कोस्ता’. त्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. “एवढंच?” एवढंच. इटालियनचे स्वर आपलेच आहेत. आ, ए, ई, ओ, ऊ, जसे लिहिले तसे. त्यांचा ‘त’ आणि ‘द’ दातांवरचा, तोही आपलाच. इंग्रजाला तो जन्मभर नीट जमत नाही, त्याचा ‘ट’ होतो. ‘र’ जिभेच्या टोकाने थरथरवायचा, तोही आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

आणि मग दोन ‘च’. मराठी माणसाला इटालियन शिकवण्यातला माझा सगळ्यात आवडता तास हाच. फळ्यावर ‘चिंच’ आणि ‘चूल’ असे दोन शब्द लिहिते आणि विचारते, हे दोन ‘च’ सारखे आहेत का? वर्ग क्षणभर गोंधळतो, तोंडातल्या तोंडात दोन्ही म्हणून बघतो आणि मग एकेक चेहरा उजळतो. एक ‘च’ टाळूवरचा, एक दातांजवळचा. आपण दोन्हीला एकच अक्षर वापरतो आणि तरी कधी चुकत नाही. इटालियनमध्येही हे दोन्ही आहेत. ‘आर्रिवेदेर्ची’ म्हणजे ‘पुन्हा भेटू’, त्यातला ‘च’ चिंचेचा. ‘ग्रात्सिए’ म्हणजे ‘आभार’, त्यातला ‘त्स’ म्हणजे चुलीचा ‘च’. ‘पिज्झा’ हा शब्दही खरा चुलीवरचाच, ‘पित्सा’. शून्याला ते जो शब्द वापरतात त्याचा पहिला वर्ण ‘जोर’मधल्या ‘ज’सारखा. इंग्रजांना हे आवाज शब्दाच्या सुरुवातीला काढायचे म्हणजे घाम फुटतो. आपल्या घरात ते स्वयंपाकघरात पडलेले असतात.

पुढचा भाग तर मला स्वतःला शिकवता शिकवता कळला. इटालियनमधला ‘सी’ हा ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’च्या आधी ‘क’ असतो आणि ‘ए’, ‘ई’च्या आधी ‘च’ होतो. मित्र म्हणजे ‘आमीको’, अनेक मित्र ‘आमीची’. मुलं कुरकुरायची : अक्षर तेच, मग आवाज का बदलतो? एके दिवशी सांगलीच्या वर्गात मी सहज म्हटलं, “‘माझा’ म्हणा. आता ‘माझी’ म्हणा.” सगळे म्हणाले आणि गप्प झाले. ‘माझा’मधला ‘झ’ दातांजवळचा, ‘माझी’मध्ये तोच टाळूवर जातो. ‘ई’ शेजारी आली की मराठीही जागा सोडते. तसंच ‘घराचा’ आणि ‘घराच्या’. मधे एक ‘य’ घातला की ‘च’ मऊ होतो. इटालियन लोक नेमकं हेच काम ‘आय’कडून करून घेतात. ‘चाओ’मध्ये लिहिलेला ‘आय’ उच्चारायचा नसतो, ‘सी’ला मऊ करून तो बाजूला होतो. ज्याला ‘घराच्या’ लिहिता येतं त्याला ‘चाओ’ लिहिता आलंच पाहिजे.

जोडाक्षरांचंही तसंच. ‘मका’ आणि ‘मक्का’ यांत आपण घोटाळा करत नाही. मग ‘काझा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे दुकानातला गल्ला, हे वेगळं ठेवायला काय जड? इथे मात्र मी वर्गाला दटावते, कारण नव्या वर्षाच्या शुभेच्छा देताना ‘आन्नो’मधला एक ‘न’ खाल्ला तर वर्षाऐवजी माणसाच्या पार्श्वभागाच्या भोकाला शुभेच्छा जातात. हे एकदा सांगितलं की जन्मात कुणी ‘न’ खात नाही.

पण मराठी आहे म्हणून सगळं फुकट मिळतं असं समजू नये. आपल्या ‘फ’ला हवेची सवय आहे. “फोनचा फ म्हणा, फणसाचा नको,” असं मी दर बॅचला सांगते. ‘एच’ दिसला की आपण श्वास सोडतो आणि ‘स्पघेटी’ करतो. तिथे तो ‘एच’ फक्त ‘ग’चा ‘ज’ होऊ नये म्हणून उभा केलेला पहारेकरी आहे. आणि शब्दातला आघात आपण हलका देतो, त्यांच्याकडे तो अर्थ बदलतो. शहराला इटालियनमध्ये ‘चित्ता’ म्हणतात, ‘त्ता’वर जोर देऊन. साताऱ्याच्या एका मुलीने पहिल्याच सरावाला “माझा चित्ता डोंगरांच्या मधे आहे” असं ऐटीत सांगितलं आणि वर्गाला अजिंक्यताऱ्यावर चित्ता दिसायला लागला.

हे झालं वर्गातलं. कारखान्याच्या शेडमध्ये व्याकरण चालत नाही, तिथे आवाज चालतो.

तोच फिटर, सांगलीला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मशीनच्या पायाचे बोल्ट आवळायचे होते. त्याने कागदावर यादी लिहून स्टोअरला पाठवली. पहिलीच ओळ ‘क्यावे इंग्लेझे’. हे लिहिताना सुरुवातीला ‘सी-एच’ येतं. आमच्या स्टोअरकीपरने ते इंग्रजीच्या चष्म्यातून वाचलं आणि ‘सी-एच’ म्हणजे ‘च’, म्हणजे चावी, असा निष्कर्ष काढून किल्ल्यांचा सबंध जुडगा पाठवून दिला. गंमत म्हणजे तो पूर्ण चुकलाही नव्हता. आपली ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली आणि ती इटालियन ‘क्यावे’ची सख्खी बहीण, आई लॅटिन. फक्त इटलीत त्याच शब्दाने किल्लीही उघडते आणि नटही आवळतो. ‘इंग्रजी चावी’ म्हणजे आपला स्क्रू पाना.

दुपारी उलटं झालं. जेवायला बसलो. समोर भाकरी, आमटी, वांग्याची भाजी. फिटरने आमटीकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, “पाने?” त्याच्या शेजारी बसलेला हेल्पर ताट सोडून पळाला आणि दहा, बारा, चौदा, सतरा असा पान्यांचा अख्खा सेट घेऊन आला. पाहुण्याने पाने मागितले, त्याने आणले. इटालियनमध्ये ‘पाने’ म्हणजे पाव. आपला ‘पाव’ आणि त्यांचं ‘पाने’ हेही एकाच लॅटिन आजीची नातवंडं. सकाळी पाना मागितला तेव्हा चावी आली, दुपारी पाव मागितला तेव्हा पाने आले. त्या म्हाताऱ्याला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की ठसका लागला, आणि ठसका आमटीचा असल्याने लवकर गेलाही नाही.

‘पियानो’ची गोष्ट तशीच. क्रेनवरून मशीनचं धड उतरवताना तो हात खालीवर करत ओरडत होता, “पियानो, पियानो!” क्रेनवाल्याला वाटलं, ह्यात वाजवायची पेटी आहे. पियानो म्हणजे हळू. वाद्यालाही ते नाव हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज काढता येतात म्हणून मिळालेलं. संध्याकाळपर्यंत शेडमधली सगळी पोरं द्राक्षाचे क्रेट उचलताना एकमेकांना “पियानो रे, पियानो” म्हणायला लागली. मग त्यालाही मराठी शिकायची हुक्की आली. मी ‘हळूहळू’ शिकवलं. इटालियन जिभेला ‘ह’ नाही आणि ‘ळ’ तर नाहीच. दुसऱ्या दिवशी तो क्रेनखाली उभा राहून जिवाच्या आकांताने “आलू! आलू!” ओरडत होता.

ह्या हसण्यात एक दिवस असा आला की मी हसायची थांबले. जिल्ह्यातल्या एका फळप्रक्रिया युनिटमध्ये टाक्या धुण्याची लाइन बसवली होती. पॅनलवर दोन गोल चाव्या, एकीवर ‘सी’, दुसरीवर ‘एफ’. मॅन्युअलची इंग्रजी आवृत्ती समोर होती आणि भाषांतर मी त्याच्यावरूनच केलं; सोपं पडतं म्हणून. पॅनलवर काय कोरलंय ते उठून बघितलं नाही. पहिल्याच आठवड्यात एका कामगाराने गार पाण्यासाठी ‘सी’ उघडला आणि मनगटापर्यंत हात भाजून घेतला. इटालियनमध्ये गरमला ‘काल्दो’ म्हणतात, गारला ‘फ्रेद्दो’. इंग्रजांचा ‘सी’ गार, इटालियनांचा ‘सी’ गरम. त्याचा हात बादलीत होता, मी शेजारी उभी होते. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. “मॅडम, सी म्हंजी कोल्डच न्हवं?” मी काय उत्तर देणार? चूक त्याची नव्हती, मशीनची नव्हती, इटलीची तर नव्हतीच. चूक माझी. दुसऱ्यांना अडत्या टाळायला सांगणारी मी, स्वतःच्या घाईपोटी अडत्याकडेच गेले होते. हात बरा झाला. तेव्हापासून माझ्या पिशवीत देवनागरी स्टिकर असतात. ‘गरम’, ‘गार’, ‘उघडा’, ‘बंद’, ‘थांबा’. मशीनला हात लावायच्या आधी मी पॅनल मोठ्याने वाचते, फिटरकडून वदवून घेते, मगच स्टिकर लावते.

आवाज जमला म्हणजे अर्थ जमला असंही नाही, हे त्याच्याही पुढचं. ‘प्रेगो’ घ्या. आभार मानले की उत्तर ‘प्रेगो’. दारात कुणाला आधी जायला सांगायचं, ‘प्रेगो’. दुकानदार ‘काय देऊ?’ विचारतो तेही ‘प्रेगो’, आणि खुर्ची पुढे करतानाही ‘प्रेगो’. पुस्तकात त्याचा एक अर्थ लिहिला की बाकीचे मरतात. मी मुलांना सांगते, आपल्याकडचा ‘या’ आठवा. ‘या, बसा’, ‘या, जेवायला’, निघालेल्या माणसालाही ‘या बरं का’. तो ‘या’ शब्दकोशात शोधून सापडत नाही, तसा हा प्रेगोही.

कुणाच्या घरात पाऊल टाकताना, दार उघडं असलं तरी, इटालियन माणूस उंबऱ्यावर थांबून ‘पेर्मेस्सो’ म्हणतो. परवानगी. आपलं ‘येऊ का?’ तेच. पाककृतीच्या पुस्तकात मिठापुढे आकडा नसतो, ‘क्वान्तो बास्ता’ असं असतं, पुरेल इतकं. आईच्या वहीतलं ‘चवीपुरतं’. काम करणाऱ्या माणसाजवळून निघताना ते ‘ब्वोन लावोरो’ म्हणतात, काम चांगलं होऊ दे. ह्याला मराठीत नेमका शब्द नाही आणि तो असावा असं मला फार वाटतं. शेतात, पाण्यात उभ्या माणसाला बांधावरून आपण नुसतं ‘काय, चाललंय का?’ म्हणतो. त्यातही मायाच असते, पण शुभेच्छा नसते.

जगभर पोचलेला ‘चाओ’ तर व्हेनिसकडच्या बोलीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘तुमचा दास’. आपण अर्जाच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ लिहितो, त्याच घरातला. झिजून झिजून तो इतका हलका झाला की आज तो फक्त मित्रांत चालतो. साहेबाला ‘चाओ’ म्हणायचं नाही. साहेबाला त्यांच्यात ‘लेई’ म्हणायचं, आणि ‘लेई’चा साधा अर्थ ‘ती’. मिशीवाल्या फोरमनला ‘ती’ म्हणायचं म्हटल्यावर वर्गात हशा पिकतो. मी विचारते, “‘साहेबांनी चहा घ्यावा’ असं समोर बसलेल्या साहेबालाच म्हणता ना? त्याला तिसरा माणूस करून टाकता ना?” मान द्यायचा म्हणजे थोडं लांब उभं राहायचं, हे दोन्हीकडे सारखंच. अरे-तुरे करण्यालाही त्यांच्याकडे स्वतंत्र वाक्प्रयोग आहे आणि कुणी कुणाला आधी अरे-तुरे म्हणावं यावरून तिथेही रुसवेफुगवे होतात.

साताऱ्याच्या वर्गात काही वर्षांपूर्वी सत्तरीचे एक गृहस्थ आले. परदेशी जायचं नव्हतं, परीक्षा द्यायची नव्हती. फौजी घराणं, ‘मिलिटरी’ हे बिरुद गावाच्या नावाला लागलेल्या अपशिंग्यासारखी गावं आमच्याकडे आहेत, तशाच एका गावचे. वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. युद्धाबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. तीन शब्द तेवढे सोबत आणले होते. ‘आक्वा’ आणि ‘पाने’ हे दोन पोराला उमगले होते, पाणी आणि खाणं. तिसरा ‘दोमानी’. लहानपणी पोराने काहीही मागितलं, नवी चड्डी, जत्रेतली शिट्टी, की वडील म्हणत, “दोमानी.” पोराला वाटायचं ही शिवी आहे, किंवा लांबचं एखादं गाव. “मॅडम, एवढा एक शब्द सांगा. क्लासची फी पूर्ण देतो.”

‘दोमानी’ म्हणजे ‘उद्या’, मी सांगितलं. ते बराच वेळ फळ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “तरीच कधी मिळालं नाही.” पुढचे तीन महिने ते नियमाने आले आणि बुधवारी निघताना दारात थांबून प्रत्येक पोराला ‘आ दोमानी’ म्हणत, ‘उद्या भेटू’, जरी उद्या क्लास सांगलीला असे.

ज्या युद्धातून ते शब्द आले त्यात तेवेरे (टायबर) नदीच्या वरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी नाईक यशवंत घाडगे पडले. रायगडातल्या माणगाव तालुक्यातले, वय बावीस. बरोबरचे सगळे गडी मारले गेल्यावर किंवा जखमी झाल्यावर एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर धावून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 साली त्याच भागातल्या मोन्तोने ह्या गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. तासगावचा माझा विद्यार्थी सुट्टीत ते बघून आला. त्याने व्हॉइस मेसेज पाठवला : “मॅडम, इथले लोक नाव कसं वाचतात माहितीये? गाद्जे.”

मला माहीत होतं. इटालियन वर्णमालेत अक्षरं एकवीस. यशवंताचा पहिला ‘वाय’ त्यांच्यात पाहुणा. ‘घाडगे’ लिहिताना ‘जी’पुढे जो ‘एच’ आपण प्राणासाठी लावतो, तो त्यांना नुसता पहारेकरी दिसतो, आणि शेवटचा ‘गे’ त्यांच्या नियमाने ‘जे’ होतो. मी विचारलं, “मग तू काय केलंस?” तो म्हणाला, “तिथल्या एका आजोबांना तीनदा म्हणून दाखवलं. घा-ड-गे. त्यांना ‘घ’ जमला नाही, पण ‘गे’ जमला. मी म्हटलं, चालेल.” मीही म्हटलं, चालेल. कुणीतरी कागदावरून मान वर करून माणसाच्या तोंडाकडे बघितलं, मला तेवढं पुरतं.

त्या पहिल्या फिटरला मी गाडीतच उपाय सांगितला होता. पाटीवरची सांगली त्याच्या वहीत पुन्हा लिहिली आणि ‘जी’ आणि ‘एल’च्या मधे एक ‘एच’ बसवला, स्पागेत्तीतला पहारेकरी. त्याने वाचलं, “सांग्ली.” ड्रायव्हरने स्टिअरिंगवर थाप मारली. “हां! आता कसं!”

चार वर्षांनी त्याच मशीनचे सुटे भाग आले. लाकडी खोका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पडला होता आणि तिथल्या क्लार्कने मला फोन केला. खोक्यावर जाड काळ्या पेनाने पत्ता लिहिलेला, अक्षर त्या म्हाताऱ्याचंच, आणि गावाच्या नावात मधोमध तो ‘एच’.

“मॅडम, हे स्पेलिंग चुकलंय. खोडून दुरुस्त करू का?”

“राहू दे,” मी म्हटलं. “त्याला म्हणता येतंय.”